बेळगावहून परदेशी: हिवाळी विमानतिकिटांच्या नोंदी, जून २०२५ ते जानेवारी २०२६

८ जून २०२५, रविवार

या हंगामात चार प्रवास हाती आहेत.

पहिला: खानापूरचे आईवडील, लंडनला मुलीकडे, तीन महिने. तारखा सैल. दुसरा: बेळगाव शहरातलं चौघांचं कुटुंब आणि एक बाळ, दुबई, २४ डिसेंबर ते १ जानेवारी. शाळेमुळे तारखा हलणार नाहीत. तिसरा: निपाणीचं जोडपं, टोरांटो, दोन महिने, कॅनडाचा व्हिसा हातात आहे. चौथा: चिकोडीचे सहा मित्र, बँकॉक, डिसेंबरचा पहिला आठवडा.

चौघांचाही प्रश्न एकच, तिकीट कधी काढायचं. पण त्याआधी कुठल्या तारखेला उडायचं हे ठरायला हवं. डिसेंबर-जानेवारीत प्रवासाची तारीख चार दिवस हलवून जेवढे पैसे वाचतात, तेवढे बुकिंगची वेळ साधून सहसा वाचत नाहीत. म्हणून आज फक्त गर्दीची दिशा मांडली.

परदेशात राहणारी आपली माणसं डिसेंबरच्या मध्यापासून भारतात येतात आणि जानेवारीच्या पहिल्या पंधरवड्यात परत जातात. लंडन, टोरांटो, न्यूयॉर्ककडून येणारी विमानं १२ ते २४ डिसेंबरला भरलेली असतात. इथून जाणारी २ ते १५ जानेवारीला भरतात. इथून डिसेंबरच्या सुरुवातीला लंडनला जाणारे आईवडील या प्रवाहाच्या उलट जातात, त्यांना घाई नाही. निपाणीच्या जोडप्याला मात्र ५ जानेवारीला निघायचं होतं. म्हणजे सुट्टी संपवून परतणारे आणि तिकडे जानेवारीचं सत्र गाठणारे विद्यार्थी, दोन्ही गर्दीत एकदम. त्यांना १८ जानेवारीनंतरची तारीख सुचवली आहे.

दुबई, बँकॉक, सिंगापूरचं पंचांग वेगळं. तिथे इथलेच पर्यटक गर्दी करतात: २० डिसेंबरला चढती, ४ जानेवारीला उतरती. दुबईला हिवाळा हाच मुख्य हंगाम असल्याने उतरतीतही फार स्वस्ताई मिळत नाही.

१५ जून, रविवार

निघायचं कुठून? सांबऱ्याहून, म्हणजे बेळगावच्या विमानतळावरून, थेट परदेशी उड्डाण नाही. पर्याय बंगळूर, मुंबई, गोव्यातलं मोपा आणि दूरचा म्हणून हैदराबाद. हुबळी आणि कोल्हापूर जवळ आहेत, पण तीही देशांतर्गतच.

फक्त विमानाचं भाडं पाहून शहर ठरवलं की चूक होते. हिशेब घरच्या दारापासून धरायचा. खालचे आकडे रीत कळावी म्हणून धरलेले आहेत, आजचे दर नव्हेत.

मुंबईहून भाडं माणशी ४,००० रुपयांनी कमी दिसलं. चौघांचे १६,००० वाचले. स्लीपर बस जाऊन-येऊन माणशी २,४०० धरली तर ९,६०० गेले. बस सकाळी पोचते आणि विमान रात्री उशिरा, म्हणजे दिवसभराची खोली ३,५००. उरले २,९००. बेळगाव-मुंबई अंतर पाचशे किलोमीटरच्या आसपास, पनवेलपासून पुढची वाहतूक वेगळी. एवढ्यासाठी लहान मुलांना घेऊन हा फेरा करू नये. एकटा माणूस, हातात एक बॅग आणि फरक दहा हजारांचा असेल तर जरूर करावा.

मोपाचं गणित उलट. बेळगावहून घाटाने शंभर-सव्वाशे किलोमीटर, गाडीने तीन-साडेतीन तास. परदेशी उड्डाणं मोजकी, पण आखाताकडचं थेट विमान सोयीच्या वेळी मिळालं तर दुबईवाल्यांना हेच बरं. अडचण तारखांची: २४ डिसेंबर ते २ जानेवारी गोव्यात बाहेरच्या गाड्यांची रीघ लागते. त्या दिवसांत चोर्ला घाट धरायचा तर नेहमीच्या वेळेत किमान दोन तास भर घालायची.

बंगळूरला रेल्वेने जाता येतं हा मोठा आधार, कारण भाडं विमानांसारखं रोज उड्या मारत नाही.

२९ जून, रविवार

नोंदतक्ता तयार. रकाने: पाहिल्याची तारीख, जाण्या-येण्याच्या तारखा, निघण्याचं शहर, थांबा कुठे आणि किती तास, सामान किती, एका माणसाचं भाडं, सगळ्यांचं मिळून भाडं, बुकिंग क्लासचं (सीटच्या भावगटाचं) अक्षर, तिकीट बदलण्याचं शुल्क. आठवड्यातून दोनदा, गुरुवारी रात्री आणि रविवारी सकाळी भरायचा. भाडी या नोंदीत उतरवत नाही. दुसऱ्या आठवड्यात ती कोणाच्या उपयोगाची राहत नाहीत. रीत तेवढी लिहितो.

शोध गूगल फ्लाइट्सवर, कारण तिथे दोन महिन्यांचा आलेख एका नजरेत दिसतो. अट आणि बुकिंग क्लास आयटीए मॅट्रिक्स या भाडं शोधायच्या साइटवर. पैसे मात्र शक्यतो विमान कंपनीच्या स्वतःच्या साइटवर. एजंट साइट तीनशे-चारशे रुपयांनी स्वस्त दिसते, शेवटच्या पानावर सुविधा शुल्क लागून फरक मिटतो. वेळापत्रक बदललं की कंपनी म्हणते एजंटला विचारा आणि एजंट म्हणतो कंपनीला विचारा.

दोन समज आधीच बाजूला ठेवले. एक, मंगळवारी तिकीट स्वस्त मिळतं. पूर्वी भाडी ठरावीक वेळीच दाखल व्हायची, तेव्हा त्यात तथ्य होतं. आता दिवसातून अनेकदा बदलतात. मंगळवारी, बुधवारी *उडणं* मात्र बहुतेक मार्गांवर खरंच स्वस्त पडतं. दोन, एकच शोध परत परत केला की साइट भाव चढवते. भाव बदलतो तो स्वस्त क्लासातली शेवटची सीट दुसऱ्या कोणी घेतली म्हणून, किंवा पहिल्यांदा दिसलेला भाव शिळा होता म्हणून.

१३ जुलै, रविवार

आज सगळा वेळ दुबईवर गेला.

इकॉनॉमीच्या सगळ्या सीट एका भावाच्या नसतात. त्याच रांगेत आठ-दहा भाव असतात आणि प्रत्येकाला एक अक्षर. कंपनी स्वस्त अक्षराच्या थोड्या सीट आधी उघडते, त्या संपल्या की पुढचं अक्षर. शिवाय काही स्वस्त भावांना अट असते: निघण्याआधी २१, १४ किंवा ७ दिवस तिकीट काढलेलं हवं. म्हणून या तीन उंबरठ्यांवर भाव पायरी चढल्यासारखा वाढतो.

मार्गावर गर्दी कमी असेल तर बंद केलेलं स्वस्त अक्षर कंपनी पुन्हा उघडते. ऐन सणाच्या तारखांना ती हे करत नाही, कारण सीट जाणारच याची तिला खात्री असते. दुबईच्या तारखा नेमक्या अशाच. नोव्हेंबरमध्ये भाव पडेल म्हणून थांबण्यात फायद्याची शक्यता लहान आणि नुकसान मोठं.

म्हणून खरेदीची रेघ आखली: तीन आठवडे नोंदी, त्यातला सर्वांत कमी भाव धरायचा, आणि त्याच्या ५ टक्क्यांच्या आत पुन्हा भाव आला की त्याच दिवशी घ्यायचा. आणखी उतरेल का हे बघत बसायचं नाही. ही रेघ सप्टेंबरच्या पहिल्या रविवारपर्यंत. तोवर भाव आत आला नाही तर असेल त्या भावाला घ्यायचा.

सैल तारखांच्या प्रवासांना रेघ वेगळी: सहा ते बारा आठवडे आधीची खिडकी, आणि पैसे भरण्याआधी दोन्ही बाजूंना तीन-तीन दिवस हलवून पाहायचे.

३ ऑगस्ट, रविवार

दुबईचा भाव रेघेच्या आत आला. पैसे भरताना दोन गोष्टी अडल्या, दोन्ही पुढे उपयोगी पडतील अशा.

पहिली: एकासाठी शोधलं तर भाव एक, चौघांसाठी शोधलं तर माणशी बराच जास्त. स्वस्त अक्षरात तीनच सीट उरल्या होत्या. एकत्र शोधलं की यंत्रणा सगळ्यांना एकाच अक्षरात बसवते, म्हणजे चौघांनाही महाग. उपाय: तीन सीट स्वस्त अक्षरात आणि उरलेल्या वरच्या अक्षरात, अशी दोन बुकिंगं. मात्र मुलाच्या बुकिंगमध्ये एक मोठं माणूस हवंच, आणि दोन्ही पीएनआर एकमेकांशी जोडायला कंपनीला सांगायचं. नाहीतर विमान रद्द झालं तर निम्मं घर एका विमानात आणि निम्मं दुसऱ्यात जातं.

दुसरी: बाळ २९ डिसेंबरला दोन वर्षांचं होतं. दोन वर्षांखालच्या बाळाला मांडीवर नेता येतं आणि भाडं थोडंच लागतं, पण वय पाहतात ते प्रत्येक उड्डाणाच्या दिवशीचं. परतीच्या १ जानेवारीला सीट घ्यावीच लागणार. जाताना बाळ, येताना मूल असं एकाच तिकिटात बसवायला बऱ्याच साइट नकार देतात. दोन्हीकडे मुलाचंच तिकीट घेतलं.

पाचही पासपोर्ट पाहिले. यूएईने नोव्हेंबर २०२२ पासून एकच नाव असलेल्या पासपोर्टवर पर्यटक व्हिसा बंद केला आहे. आपल्याकडे काही पासपोर्टांवर आडनावाचा रकाना रिकामा असतो, त्यामुळे हे तिकिटाआधी पाहावं. पाचही ठीक. मुदत प्रवासानंतर सहा महिने उरते हेही पाहिलं.

१७ ऑगस्ट, रविवार

स्वातंत्र्यदिनाच्या सवलती आल्या. चौथ्या प्रवासाला, बँकॉकला, कामाच्या. दुबईला असत्या तरी निरुपयोगी. अशा सवलतींच्या तळाशी वगळलेल्या तारखा दिलेल्या असतात आणि डिसेंबरचा शेवटचा पंधरवडा त्यात हमखास असतो. बारीक अक्षरं आधी वाचावी, मग भाव.

बँकॉक: ६ डिसेंबर शनिवारी रात्री बंगळूरहून, १२ला परत. सहा जणांचं एकत्र आणि तीन-तीन करून, दोन्ही पाहिलं. फरक नव्हता, म्हणून एकच बुकिंग. सर्वांत स्वस्त प्रकारात फक्त हातातली बॅग होती. जाताना चालेल, येताना नाही. परतीलाच २० किलो विकत घेतलं, बुकिंग करतानाच. विमानतळावर तेच वजन कितीतरी महाग पडतं. व्हिसा लागत नाही. थायलंडचं डिजिटल आगमन कार्ड मात्र पोचण्याआधीच्या तीन दिवसांत भरायचं आहे, १ मे २०२५ पासून सक्तीचं आहे.

११ सप्टेंबर, गुरुवार

लंडन. ब्रिटनच्या व्हिसासाठी प्रवासाच्या जास्तीत जास्त तीन महिने आधी अर्ज करता येतो. जाण्याची तारीख ११ डिसेंबर ठरली आहे, म्हणून आजच अर्ज भरला. निर्णयाला साधारण तीन आठवडे धरतात. व्हिसा येण्याआधी तिकीट काढू नये असं तिथलं सरकारही सांगतं. ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात व्हिसा आला तर प्रवासाला नऊ-दहा आठवडे उरतात, म्हणजे सैल तारखांची खिडकी तेव्हाच उघडी असते. उलट्या दिशेच्या प्रवाशाला व्हिसासाठी थांबण्याचा तोटा होत नाही.

सीमाभागासाठी एक खबरदारी. काही शेंगेन देशांचे (एकच व्हिसा चालणाऱ्या युरोपीय देशांचे) अर्ज राहत्या पत्त्यानुसार ठरलेल्या वकिलातीकडे जातात. बेळगाव, खानापूर, निपाणी कर्नाटकात, म्हणून कर्नाटकासाठी ठरलेली वकिलात. चंदगड किंवा गडहिंग्लजचा माणूस बेळगावलाच कामाला असला तरी पत्ता महाराष्ट्रातला असेल तर महाराष्ट्रासाठी ठरलेली. एकाच घरातल्या दोघांचे पत्ते दोन राज्यांत असतील तर दोन शहरांत दोन भेटी होऊ शकतात. हे कळायला उशीर झाला की तिकिटाची खिडकी निघून जाते.

२२ सप्टेंबर, सोमवार

जीएसटी आजपासून बदलला. इकॉनॉमी ५ टक्केच. प्रीमियम इकॉनॉमी आणि बिझनेस १२वरून १८. खानापूरच्या काकांचे गुडघे दुखतात म्हणून प्रीमियम इकॉनॉमीचा विचार होता. लाखाच्या भाड्यावर करच ६,००० रुपयांनी वाढला. इकॉनॉमीत पैसे भरून पुढच्या रांगेतली मोकळ्या पायांची सीट आणि व्हीलचेअरची नोंद, असं ठरवलं. व्हीलचेअरचं वेगळं शुल्क नाही, पण तिकिटासोबतच नोंदवावी.

५ ऑक्टोबर, रविवार

व्हिसा आला. लंडनचं तिकीट काढलं: बंगळूरहून ११ डिसेंबर, परत १२ मार्च. दोन्ही गुरुवार. परतीला आठवडाभर पुढे-मागे सरकवून पाहिलं तर फरक किरकोळ होता. एप्रिलमध्ये गेलं की ईस्टरमुळे चढतो (२०२६चा ईस्टर ५ एप्रिलला).

एकेरी दोन तिकिटं की परतीचं एक? स्वस्त विमानसेवांत दोन एकेरींची बेरीज बहुधा परतीइतकीच येते. मोठ्या कंपन्यांत एकेरी भाडं परतीच्या निम्म्याहून पुष्कळ जास्त असतं, कधी पूर्ण परतीपेक्षाही. म्हणून परतीचंच. पण त्यातलं पहिलं उड्डाण चुकलं तर पुढची सगळी रद्द होतात, परतीचंही. हे वयस्क प्रवाशांना तोंडी नीट समजावून सांगावं लागतं.

परतीच्या भाड्यात ब्रिटनचा प्रस्थान कर आहे, भारताच्या अंतरासाठी इकॉनॉमीत माणशी ९० पौंड (हा दर मार्च २०२६पर्यंतचा). १६ वर्षांखालच्या मुलांना तो माफ आहे. मुलांसोबत जाणाऱ्यांनी भाड्याचा तपशील उघडून तो लावलेला नाही ना, हे पाहावं.

सामान: आंतरराष्ट्रीय तिकिटावर माणशी २३ किलोच्या दोन बॅगा. बेळगाव-बंगळूर विमान वेगळ्या तिकिटावर घेतलं तर तिथे १५ किलो. उरलेल्या वजनाचे पैसे त्या छोट्या उड्डाणावर भरावे लागतील. रेल्वेच ठरली. आणि कुंदा न्यायचा नाही, हे आजच सांगून ठेवलं. दुधाचे पदार्थ भारतातून ब्रिटनमध्ये नेता येत नाहीत आणि कुंदा म्हणजे आटवलेलं दूध. मांडे न्यायचे तर डब्यात भरा. बॅगेत त्यांचा चुरा होतो.

६ ऑक्टोबर, सोमवार

रेल्वेचं आगाऊ आरक्षण १ नोव्हेंबर २०२४ पासून १२० ऐवजी ६० दिवसांवर आलं आहे, प्रवासाचा दिवस सोडून. ५ डिसेंबरची राणी चन्नम्मा आज सकाळी ८ वाजता उघडली. चिकोडीच्या सहा जणांची आरक्षणं झाली. लंडनवाल्यांना ९ डिसेंबरची गाडी हवी, ती १० ऑक्टोबरला उघडेल.

ऑगस्टपासून बेळगाव-बंगळूर वंदे भारतही सुरू आहे. पहाटे निघून दुपारी बंगळूर, म्हणजे मध्यरात्रीच्या परदेशी विमानाला त्याच दिवशी निघता येतं. स्टेशनजवळच्या मॅजेस्टिकहून विमानतळाची बस मिळते आणि परदेशी उड्डाणं टर्मिनल २ वरून. ही गाडी आठवड्यातून सहाच दिवस आहे. सुट्टीचा वार आधी पाहावा.

वयस्कांसाठी मात्र आदल्या दिवशी पोचून एक रात्र मुक्काम, हाच नियम.

२६ ऑक्टोबर, रविवार

विमानांचं हिवाळी वेळापत्रक आजपासून, २८ मार्चपर्यंत. तिन्ही बुकिंगं उघडून प्रत्येक उड्डाणाचा क्रमांक आणि वेळ ताडून पाहिली. कंपनीचा ईमेल येतोच असं नाही, आणि आला तरी एजंटकडे अडकतो. दुबईचं परतीचं विमान ४० मिनिटांनी सरकलं आहे, चालेल. मोठा बदल असता तर शुल्क न देता दुसरं उड्डाण किंवा पैसे परत मागता आले असते. पण बदल ‘मान्य’ असं बटण एकदा दाबलं की तो हक्क संपतो. म्हणून ते घाईने दाबू नये.

पाकिस्तानने २४ एप्रिलपासून भारतीय विमानांना हवाई हद्द बंद ठेवली आहे. भारतीय कंपन्यांची युरोप-अमेरिकेकडची काही उड्डाणं त्यामुळे लांबली आहेत. टोरांटोसाठी तुलना करताना जुने तास धरू नयेत.

१६ नोव्हेंबर, रविवार

टोरांटोचा भाव ऑक्टोबरभर वर होता, या दोन आठवड्यांत उतरतोय. २० जानेवारी मंगळवारी जाणं, १७ मार्च मंगळवारी येणं. १९ मार्चच्या पाडव्याला घरात हवं असा दोघांचा आग्रह आहे आणि तो तारखेत बसतो.

थांबा फ्रँकफर्टला. वैध कॅनडाचा व्हिसा असल्याने शेंगेनचा विमानतळ-संक्रमण व्हिसा लागत नाही. पण हे एकच शेंगेन विमानतळ असेल तोवर. दोन हजारांनी स्वस्त दिसणाऱ्या एका पर्यायात फ्रँकफर्ट आणि मग पॅरिस असे दोन थांबे होते. त्यांच्यामधला प्रवास शेंगेनच्या आतला, म्हणजे आत शिरण्याचा व्हिसा हवा. तिकीट मिळालं असतं आणि बंगळूरला काउंटरवर अडवलं असतं. शोधयंत्र हे सांगत नाही.

थांब्याचा वेळ पावणेतीन तासांचा घ्यायचा, सव्वा तासाचा स्वस्त असला तरी नाही. जानेवारीत पंखांवरचा बर्फ उतरवण्यातच अर्धा तास जातो.

२८ नोव्हेंबर, शुक्रवार

ब्लॅक फ्रायडेच्या सवलती. नाताळच्या तारखा अपेक्षेप्रमाणे वगळलेल्या. जानेवारीच्या मध्यापासून मार्चपर्यंतच्या मात्र मोकळ्या. टोरांटोचं तिकीट आज घेतलं, निघण्याच्या साडेसात आठवडे आधी. एक पीएनआर, सामान थेट टोरांटोपर्यंत.

पैसे भरताना साइटने चलन डॉलर धरलं होतं. देश बदलून भारत केला तेव्हा रुपये आले. डॉलरमध्ये कार्ड चालवलं की बँक परकीय चलनाचं शुल्क वर लावते, बहुतेक कार्डांना २ ते साडेतीन टक्के. दोघांच्या तिकिटांवर ही रक्कम सवलतीइतकी होऊ शकते.

६ डिसेंबर, शनिवार

या आठवड्यात देशभर देशांतर्गत उड्डाणं मोठ्या संख्येने रद्द झाली. वैमानिकांच्या विश्रांतीच्या नव्या नियमांचा दुसरा टप्पा १ नोव्हेंबरपासून लागू झाला आणि त्याला पुरेल एवढं मनुष्यबळ नव्हतं. उरलेल्या विमानांची भाडी भडकली. आज केंद्राने मर्यादा घातली: ५०० किलोमीटरपर्यंत ७,५०० रुपये, १,०००पर्यंत १२,०००, १,५००पर्यंत १५,०००, त्यापुढे १८,०००, कर आणि विमानतळ शुल्क वेगळं, फक्त देशांतर्गत इकॉनॉमीला.

चिकोडीचे सहा जण काल रात्री राणी चन्नम्माने निघाले, सकाळी बंगळूरला उतरले. बेळगाव-बंगळूर विमान वेगळ्या तिकिटावर काढलं असतं आणि ते रद्द झालं असतं, तर बँकॉकचं विमान कोणासाठी थांबलं नसतं. पहिल्याचे पैसे परत मिळतात, दुसऱ्याचे नाहीत, कारण दुसऱ्या कंपनीच्या लेखी प्रवासी आलाच नाही. सुट्या तिकिटांवर वाचणाऱ्या दोन-तीन हजारांमागे ही जोखीम असते. जोडउड्डाण घ्यायचं तर एकाच पीएनआरवर, नाहीतर मध्ये रात्र काढून.

८ डिसेंबर, सोमवार

सुवर्ण विधानसौधात हिवाळी अधिवेशन आजपासून. या काळात बंगळूरहून बेळगावकडची विमानं रविवारी-सोमवारी आणि उलटी शुक्रवारी भरतात. बँकॉकवाले १२ला, शुक्रवारीच, बंगळूरला उतरतील. त्यांची दिशा गर्दीच्या उलट आहे, तरी परतीची रेल्वे आधीच काढून ठेवली होती.

अधिवेशनाच्या सुरुवातीला सीमाप्रश्नाचं वातावरण तापतं. अशा वेळी आंतरराज्य बस सेवा थांबते. डिसेंबर २०२२ आणि फेब्रुवारी २०२५ मध्ये थांबली होती. मुंबई किंवा पुण्याहून उडणाऱ्याने या दिवसांत कोगनोळी नाक्यावरून जाणाऱ्या एकाच बसवर सगळा भार टाकू नये. मिरजमार्गे रेल्वे हाताशी असावी.

२५ डिसेंबर, गुरुवार

दुबईवाले काल पोचले. मोपाऐवजी शेवटी बंगळूरच घेतलं होतं.

नवी मुंबई विमानतळ आज सुरू झाला, तूर्त देशांतर्गत. बेळगावकडून जाणाऱ्यांना तो कळंबोलीच्या पलीकडेच, सोयीचा. पण शोधताना ‘मुंबई’ लिहिलं की आता दोन विमानतळ येतील. नवी मुंबईला उतरून सहार गाठून परदेशी विमान पकडायचं म्हणजे पस्तीस-चाळीस किलोमीटरचा शहरी रस्ता, सामान घेऊन. तिकिटावरचा तीन अक्षरी कोड वाचूनच पैसे भरावेत.

११ जानेवारी २०२६, रविवार

टोरांटोच्या प्रवासाची अंतिम तपासणी. उड्डाणं जशीच्या तशी. बंगळूरला या दिवसांत पहाटे धुकं असतं आणि दिल्लीला त्याहून दाट, फेब्रुवारीच्या पहिल्या पंधरवड्यापर्यंत. दिल्लीमार्गे जाणाऱ्यांनी पहाटेचं जोडविमान टाळावं. आपलं थेट बंगळूरहून आहे. फ्रँकफर्टला विमान हवामानाने रखडलं तर नुकसानभरपाई नाही, पण युरोपीय नियमाने जेवण आणि गरज पडल्यास मुक्काम कंपनीने द्यायचा असतो. जोडप्याला हे एका कागदावर मराठीत आणि इंग्रजीत लिहून दिलं.

पुढच्या हंगामासाठी चौकशी आत्ताच येते आहे: २० डिसेंबर २०२६ला निघून ६ जानेवारी २०२७ला परत, न्यूयॉर्क. बऱ्याच कंपन्यांच्या सीट साधारण ३३० दिवस आधी उघडतात. त्या हिशेबाने जाण्याची सीट २४ जानेवारीला दिसेल, परतीची १० फेब्रुवारीला. मधल्या काळात परतीचं भाडं शोधलं तर काहीच येत नाही, आणि पहिल्या आठवड्यात दिसणारा भाव बहुतेक वेळा चढाच असतो. तक्त्यात या प्रवासाची पहिली नोंद १५ फेब्रुवारी, रविवारी. खरेदीची रेघ जुलैमध्ये.